आत्या बाजूला उभी राहिली तेव्हा

सुमनआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी रोह्याला, कॉलेजच्या प्रयोगशाळेत होते. मुलांचं प्रॅक्टिकल नुकतंच संपलं होतं आणि मी ब्युरेट धुऊन उलट्या लावत होते. बाबा फोनवर कधी फार बोलत नाहीत. त्या दिवशी त्यांनी आधी मलाच विचारलं, "जेवलीस का?" मग थोडा वेळ नुसताच मागच्या हायवेवरच्या गाड्यांचा आवाज येत राहिला… आणि मग ते म्हणाले, "सुमी गेली गो. कारखान्यातनं आज लवकर आली, पाय धुतले, ओट्यावर टेकली, ती उठलीच नाय." हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. मी एसटीने आमच्या गावी, गडबला पोचेपर्यंत घरासमोर माणसं जमली होती. त्यांतली निम्मी मला ओळखीची नव्हती. हमरापूरच्या कारखान्यातल्या बाया होत्या, पेणच्या दवाखान्यातली कंपाउंडर होती आणि काही आया होत्या, आपापल्या मुलांना घेऊन आलेल्या. त्या कोण, हे आईलाही ठाऊक नव्हतं. मला मात्र थोडं थोडं कळत होतं.

आता या गोष्टीला महिना होऊन गेला. मी लिहिणारी नाही. कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे, लिहिणं म्हणजे फार तर बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या. पण आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली, आणि ती मी ज्या बाईमुळे घेतली तिला स्वतःची सही करायलाही वेळ लागायचा. तिच्याविषयी कुठे काही छापून यायचं कारण नाही. म्हणून मीच लिहिते आहे.

आत्या बाबांची धाकटी बहीण. तिचं लग्न रोह्याला झालं होतं. लग्नानंतर काही महिन्यांतच सासरच्यांच्या लक्षात आलं की तिच्या दंडावर पांढरे डाग आहेत. कोड. खरं तर ते लग्नानंतरच उठले होते, पण कोण ऐकून घेणार? चार माणसांसमोर तिच्या ब्लाउजची बाही वर करून दाखवण्यात आली आणि तिला गडबला आणून सोडलं. हे मला आईने सांगितलं, आत्याने कधीच नाही. आत्या मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घालायची आणि रोह्याचं नाव निघालं की उठून पाणी भरायला जायची, एवढंच मी पाहिलं होतं. घरची भाताची शेती होती, भातानंतर वाल. पण ती घरात बसून राहिली नाही. हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात जायला लागली. साच्यातून निघालेल्या कच्च्या मूर्ती पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करायच्या, हे तिचं काम. लहानपणी मी एकदा तिच्याबरोबर गेले होते. तिथे ती बाह्या कोपराच्या वर सारून बसली होती! मी तिच्याकडे बघतच राहिले. ती हसली आणि आपले हात माझ्यासमोर धरून म्हणाली, "बघते काय? इथं सगळ्यांचेच हात पांढरे." खरंच, त्या शेडमधल्या सगळ्या बायांचे हात कोपरापर्यंत पांढऱ्या भुकटीने माखलेले होते.

मी सातवीत असताना मला पहिल्यांदा तो वास आला. काहीतरी करपल्याचा वास. भात करपल्यावर येतो तसा, पण त्यात एक गोडसरपणा. वास यायचा, पोटातून काहीतरी वर चढत यायचं आणि त्यापुढचं मला काहीच आठवायचं नाही. भानावर यायचे तेव्हा समोर घाबरलेली तोंडं असायची. सुरुवातीला कुणाला काही कळलंच नाही. मी "करपतंय" म्हणाले की आई चुलीकडे धावायची आणि भात चांगला आहे हे बघून माझ्यावरच चिडायची. एकदा थंडीत आमच्या वालाच्या शेतात पोपटी लावली होती. मडक्यात शेंगा आणि भांबुर्डीचा पाला भरून, मडकं उपडं घालून भोवती जाळ केला होता. सगळे बसले होते गप्पा मारत. मी म्हणाले, "करपतंय." काकांनी घाईघाईने जाळ बाजूला ओढला, मडकं उलथलं. शेंगा कच्च्या! सगळे मला हसत होते आणि मी तिथेच बसल्या बसल्या हरवून गेले होते. त्या गोंधळात मडक्याकडे न धावता माझ्याकडे धावली ती एकटी आत्या. त्या दिवशी तिने माझ्या त्या शब्दाचा अर्थ ओळखला. पोपटी लावली की काका पुढे कितीतरी वर्षं म्हणायचे, "वैशूच्या नाकावर जाऊ नका रे, कच्चं खायला लागंल."

तेव्हापासून मी "करपतंय" म्हणायचा अवकाश, आत्या असेल तिथून यायची. माझ्यासमोर लोकांकडे तोंड करून उभी राहायची आणि पदर असा पसरायची की मी तिच्या पाठीमागे पूर्ण झाकली जायचे. शाळेच्या गॅदरिंगला, शेजारच्या हळदीला, वडखळ नाक्यावर एसटीची वाट बघताना… सगळीकडे. एका हाताने मागे माझा खांदा धरलेला, दुसऱ्या हातात पदर, आणि तोंडाने चालू, "काय नाय, काय नाय. चक्कर हाय. उपास धरलाय पोरीने." एकदा हळदीत एक म्हातारी म्हणाली, "हिचे उपास तरी किती गो सुमे? आम्ही म्हाताऱ्या खातोय आणि तुझी पोर आपली कायम उपाशी!" आत्या तिला म्हणाली, "तुझ्या वाटणीचं पुण्य पण तीच कमावते, तू जेव." सगळ्या हसल्या आणि तोवर माझं सरलं. माझी बाही कुणी चार माणसांत वर करू नये, एवढीच तिची धडपड होती, हे मला फार उशिरा समजलं.

घरच्यांनी सुचेल ते केलं. भगताकडे नेलं, कांदा हुंगवला. मग पेणच्या डॉक्टरांनी फिट येतात असं स्पष्ट सांगून गोळ्या चालू केल्या. एका गोळीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन. मी वर्गात पेंगायला लागले, पण करपल्याचा वास काही थांबला नाही. दहावी कशीबशी झाली. अकरावीत एकदा जिन्यावर भान गेलं आणि हनुवटी फुटली, तेव्हा बाबा म्हणाले, आता घरीच बस. मी रडले. आई म्हणाली, विहिरीवर नको, चुलीजवळ नको, रस्त्यावर नको. म्हणजे मी राहायचं तरी कुठे? त्या सुमाराला पेणच्या डॉक्टरांनीच मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी दिली. म्हणाले, "गोळ्यांनी थांबत नसेल तर फिट मेंदूत कुठून सुरू होते ते शोधायचे उपाय असतात. एकदा दाखवून या." बाबांच्या कंपनीत तेव्हा शिफ्ट बदलून मिळत नव्हती. आईला मुंबईची भीती. आत्या म्हणाली, "मी नेते." ऐन गणपतीच्या हंगामात, कारखान्यात बायांना श्वास घ्यायला फुरसत नसताना ती काम सोडून माझ्याबरोबर आली.

तिथल्या डॉक्टरबाई मऊ बोलणाऱ्या होत्या. त्यांनी आधी एमआरआय करायला सांगितला. त्या नळीत ठकठक, घरघर असे आवाज सुरू झाले की मी डोळे मिटून कारखान्यातल्या पॉलिश पेपरचा आवाज आठवायचे. एमआरआयमध्ये ठळक असं काही सापडलं नाही. आत्याचं तोंड उतरलं. तिला वाटलं, काही नाही म्हणजे उपाय नाही. मग डॉक्टरबाईंनी आम्हा दोघींना समोर बसवून समजावलं. फिट येते तेव्हा ती जिथून सुरू होते त्या जागेकडे रक्त जास्त धावतं. फिट सुरू झाल्या झाल्या एक औषध हाताच्या शिरेतून दिलं, तर ते रक्ताबरोबर त्या जागेपर्यंत जातं आणि तिथे काही तास टिकून राहतं. फिट ओसरली की सावकाश स्कॅन काढायचा. त्यात ती जागा उजळून दिसते. आत्या लक्ष देऊन ऐकत होती. म्हणाली, "म्हंजे रंग मारायचा. ओला हाय तवर जिथं लागंल तिथं लागंल, मग सुकल्यावर बघायचं." डॉक्टरबाई हसल्या. "रंगच म्हणा आत्या. पण वेळेवर मारायला हवा. उशीर झाला तर तो भलतीकडेच पसरतो."

त्यासाठी आम्हाला एका खोलीत ठेवलं. माझ्या डोक्याला ठिकठिकाणी तारा चिकटवल्या, हाताला सुई लावून ठेवली, गोळ्या कमी केल्या. समोरच्या भिंतीवर कॅमेरा होता. मला काय काय होतं, आधी काय, मग काय, हे सगळं त्यात टिपलं जाणार होतं. आणि आत्याच्या हातात वायरला लावलेलं एक बटण दिलं होतं. मी "करपतंय" म्हणाले की तिने ते दाबायचं, बाहेर बसलेली सिस्टर औषध घेऊन धावत येणार. मग सुरू झालं वाट बघणं. इतकी वर्षं येऊ नये म्हणून नवस केले, आणि आता ती यावी म्हणून आम्ही दोघी खाटेवर बसून होतो. बाबा रोज फोन करायचे. "आला का?" "नाय अजून." "बरं, येल, येल." आत्या फोन ठेवून म्हणायची, "तुझा बाप असा विचारतो जसा काय मुंबयचा चाकरमानी यायचाय." एकदा मी तिला म्हणाले, "आत्या, देवाला सांग ना, लवकर येऊ दे म्हणून." तिने बटण मांडीवर ठेवलं. मग म्हणाली, "सांगाय गेले व्हते गो. तोंडातनं शब्दच फुटला नाय."

आणि मग ती आली. दुपारची वेळ होती, आत्या मला संत्रं सोलून देत होती. मी म्हणाले, "आत्या, करपतंय…"

त्यानंतरचं मी रेकॉर्डिंगमध्ये पाहिलं आहे. डॉक्टरबाईंनी दुसऱ्या दिवशी आम्हा दोघींना ते दाखवलं. पडद्यावर मी खाटेवर बसलेली दिसते. मग एकदम हिरवं लुगडं येतं आणि सगळा पडदा भरून टाकतं. आत्या बटण विसरून उठली होती. माझ्या आणि कॅमेऱ्याच्या मध्ये पदर पसरून उभी राहिली होती, आणि दाराशी धावत आलेल्या टेक्निशियनला सांगत होती, "काय नाय, काय नाय. चक्कर हाय. उपास हाय तिला." ज्या हॉस्पिटलात आम्ही फिट दाखवायलाच गेलो होतो, तिथे! औषध द्यायची वेळ निघून गेली. रेकॉर्डिंगभर दिसला तो फक्त आत्याचा पदर.

मला वाटलं, आता डॉक्टरबाई रागावणार. त्या रागावल्या नाहीत. पडदा थांबवून त्यांनी विचारलं, "आत्या, अशा किती वर्षं उभ्या राहताय?"

"ही सातवीत व्हती तवापासनं."

"मग तुमच्याइतकं हिला जवळून कुणीच पाहिलं नसेल. मला सांगा, सुरुवातीला काय होतं? कुठला हात वाकडा होतो? मान कुठे वळते?"

आत्या पडद्यावरच्या स्वतःच्या पदराकडे बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "मला नाय ठाव, बाय. मी हिच्याकडं कवा बघतच नाय… मी लोकांकडं बघते."

एवढ्या वर्षांत माझ्या प्रत्येक फिटच्या वेळी जी माझ्या सगळ्यात जवळ होती तिने एकही फिट पाहिली नव्हती, कारण तिची नजर कायम समोरच्यांवर, कोण बघतंय यावर होती. डॉक्टरबाईंनी तिच्या हातावर हात ठेवला. तो हात बाहीवरून दंडाकडे सरकला तेव्हा आत्या किंचित आखडली, मला दिसलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "इथे बघणारे आम्ही सगळे हिच्यासाठीच बघतो. आम्हाला बघू द्या. आणि तुम्हीही बघा." आत्या खोलीत परतल्यावर जेवली नाही. संध्याकाळी स्टूल उचलून तिने खाटेच्या समोरून बाजूला, भिंतीला लावून ठेवलं आणि बटणाची वायर मनगटाला गुंडाळून तिथे बसली. मी म्हणाले, "आत्या, वायरीने हात काचेल." ती म्हणाली, "काचू दे. बांधलेली बरी."

दुसरी फिट आली तेव्हाचं रेकॉर्डिंग मी नंतर मागून घेऊन पुन्हा पाहिलं. त्यात मी काहीतरी पुटपुटते आणि त्याच क्षणी आत्याचा अंगठा बटणावर जातो. ती उठते. एक पाऊल माझ्याकडे येते… आणि थांबते. मग मागे सरून भिंतीला पाठ लावते. पदराचा बोळा करून दोन्ही मुठींत धरते आणि माझ्याकडे बघते. मी काहीतरी चघळल्यासारखं तोंड हलवते आहे, उजवा हात चादर चिमटतो आहे, डावा हात काठीसारखा ताठ झाला आहे. सिस्टर येते, सुईतून औषध देते. आत्याचे डोळे माझ्यावरून हलत नाहीत. तिच्या गालांवरून पाणी वाहतं आहे, पण ती ते पुसतही नाही, कारण पुसायला पदर सोडावा लागला असता. आणि अगदी स्पष्ट ऐकू येतं, ती म्हणते, "बघा. काय हाय ते नीट बघा एकदा." माझा स्वतःचा चेहरा तसा पाहणं मला जड गेलं. पण त्याहून जास्त वेळ मी तिचाच चेहरा पाहत बसले.

स्कॅन निघाला. काही दिवसांनी फिट नसतानाचाही एक काढला आणि दोन्ही शेजारी ठेवून ताडून पाहिले. डॉक्टरबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. उजव्या कानाच्या वर, आतल्या बाजूला, एक लाल-पिवळा ठिपका. तेवढी जागा डोळ्यांसमोर ठेवून त्यांनी जुना एमआरआय पुन्हा तपासला, तेव्हा तिथला मेंदूचा लहानसा भाग दुसऱ्या बाजूपेक्षा आक्रसलेला असल्याचं त्यांना जाणवलं. डावा हात ताठ होणं, करपल्याचा वास, सगळं त्याच जागेकडे बोट दाखवत होतं. आत्या पडद्याच्या अगदी जवळ गेली. "एवढंसंच?" "एवढंसंच." ती माझ्याकडे वळून म्हणाली, "मेल्याने एवढ्याशा जागेत बसून एवढी वर्षं नाचवलंन आपल्याला!"

पण जागा सापडणं आणि ती काढून टाकणं यांत आमच्या घरापुरतं फार मोठं अंतर होतं. डॉक्टरबाईंनी काही लपवलं नाही. फिट पूर्ण थांबण्याची आशा चांगली आहे, पण खात्री कुणीच देऊ शकत नाही, आणि शस्त्रक्रिया म्हटलं की धोका असतोच. गडबला आल्यावर बाबांनी एका वाक्यात विषय संपवला, "डोसक्याला हात लावायचा नाय." गावातले चार जण येऊन सांगून गेले, मेंदू उघडला की माणूस खुळा होतो. मी आतल्या खोलीत बसून ऐकत होते. माझ्या आयुष्याचं काय होणार ते बाहेर ओट्यावर ठरत होतं.

"गोळ्यांवर हाय ते बरं हाय," बाबा म्हणाले.

"कुणाला बरं हाय?" आत्याचा आवाज. "तुला का तिला?"

"सुमे, तू मधी पडू नको. पोर माझी हाय."

"व्हय, पोर तुझी. पण मधी मीच पडलेय ना आजवर? तू किती वेळा बघितलंस तिला तसं? सांग. मी बघितलंय आता, दादा. डोळे उघडे ठेवून बघितलंय. मी मेले तर हिच्यापुढं कोण उभं राहील? आणि कुणी उभं राहावं तरी कशापायी? एकटी चालू दे ना तिला."

सकाळी दाढी करताना आरशातूनच बाबांनी आत्याला सांगितलं, "तारीख विचार त्या बाईंना."

शस्त्रक्रिया झाली. त्याचे तपशील मी लिहीत नाही, मला आठवतही नाहीत. आठवतं ते एवढंच की शुद्धीवर आल्यावर मला सगळ्यात आधी आत्या दिसली आणि तिने विचारलं, "वास येतो कसला?" मी म्हणाले, "औषधाचा." ती एकदम हसायला लागली. पुढे काही महिने डोकं दुखायचं, शब्द पटकन आठवायचे नाहीत, चिडचिड व्हायची. पण तो वास परत आला नाही. अजूनही आलेला नाही. एक गोळी अजून चालू आहे. माझ्यासारखं प्रत्येकाचं होतंच असं नाही. काहींची जागा सापडत नाही, काहींची सापडूनही काढता येत नाही, आणि पुष्कळांना गोळ्यांनीच गुण येतो. हे लिहायला हवं, नाहीतर वाचणाऱ्यांची उगाच फसगत होईल. पण शोधून बघता येतं, हे मात्र खरं आहे. आम्हाला इतकी वर्षं तेवढंसुद्धा माहीत नव्हतं.

बारावीनंतर मला बीएस्सी करायचं होतं. कॉलेज रोह्याला. मला वाटलं, ॲडमिशनला बाबा येतील. आत्या म्हणाली, "मी येते." रोह्यात तिने लग्न मोडल्यापासून पाऊल ठेवलं नव्हतं. कॉलेजातलं काम उरकून आम्ही कुंडलिका नदीच्या पुलाकडून स्टँडवर येत होतो, आणि नेमकी तिच्या सासरकडची एक बाई समोर आली. "सुमे, तू गो? आणि ही कोण?" मी आत्याचा हात धरला. मला वाटलं, ती आता मान खाली घालून पुढे जाईल. ती थांबली. भर रस्त्यात, माणसं येत-जात असताना म्हणाली, "ही माझी भाची. बीएस्सीला घातलीय. हिला फिटा येत व्हत्या. मुंबयला फोटोत जागा सापडली, डोसक्याचं ऑपरेशन झालं. आता काय नाय." आणि माझी वेणी बाजूला सारून तिने माझी टाक्यांची खूण दाखवली! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एसटीत बसल्यावर मी म्हणाले, "आत्या, असं सगळ्यांना काय सांगत सुटतेस?" ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "लपवायला फार दमले गो. सांगायला काय पण लागत नाय."

त्यानंतर तिला कुणी थांबवू शकलं नाही. एसटीत, मिनिडोअर रिक्षात, पेणच्या बाजारात, कारखान्यात. कुणाच्या मुलाला फिट येते असं नुसतं कानावर आलं की ही तिथे हजर. आयांना घेऊन पेणच्या डॉक्टरांकडे जायची, रांगेत त्यांच्याबरोबर बसायची, आणि आत गेल्यावर त्या बोलायला लाजल्या की हीच बोलायची. कारखान्याचे मालक म्हणायचे, "सुमनबाय, तुम्ही इथं गणपतीला घासता का दवाखान्याला?" ती म्हणायची, "दोघांकडं बाप्पाच हाय, शेठ." एवढं सगळं झालं, पण पूर्ण बाह्यांचा ब्लाउज तिने शेवटपर्यंत सोडला नाही. मी एकदा म्हणाले होते, आता कशाला? "तुझं वेगळं, माझं वेगळं," म्हणाली, आणि पाणी भरायला गेली. मी पुन्हा विचारलं नाही.

तिचे दिवस-कार्य होऊन गेल्यानंतरच्या रविवारी मी गडबलाच होते. दुपारी एक बाई ओट्याशी आली. खाडीकडच्या गावातली, मिठागरात काम करणारी. बरोबर दहा-अकरा वर्षांची मुलगी. "सुमनताईंचं घर ह्येच ना? त्या हायत का?"

मी सांगितलं. ती उभीच राहिली. मग मुलीचा हात धरून वळली. "मग ऱ्हाव द्या, ताई."

"थांबा. कशाला आला होतात?"

तिने आधी रस्त्याकडे पाहिलं, कुणी ऐकत नाही ना म्हणून. "एसटीत भेटल्या व्हत्या. पोरीला माझ्या… तसं झालं. तर बोलल्या, गडबला ये, माझी भाची दाखवते."

"मीच ती भाची," मी म्हणाले, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, मान वाकवून केस बाजूला केले. तिने हात पुढे करून अलगद खुणेला बोट लावलं. मग दोघी आत आल्या. आईने चहा टाकला. मी विचारलं, मुलीला आधी काय होतं? कुठला हात, कुठली मान? ती ओशाळून म्हणाली, "ते नाय म्हायत. मी पदर टाकते ना तिच्यावर." मी तिला जमेल तसं सांगितलं. कुशीवर वळवा, आजूबाजूचं टोकदार काही असेल ते लांब करा, तोंडात काही घालू नका, फिट लांबली तर लगेच दवाखान्यात न्या. आणि घरात कुणी मोठं माणूस असेल तर मोबाइलवर व्हिडिओ काढा, डॉक्टरांना दाखवायला. ती घाबरून माझ्याकडे बघायला लागली. "असल्या वक्ताला पोरीचा व्हिडिओ? हात कसा धजंल, ताई?"

मला आत्यासारखं बोलता येत नाही. मी तिला त्या खोलीतली गोष्ट सांगितली. हिरव्या लुगड्याची, मनगटाला गुंडाळलेल्या वायरीची, भिंतीला टेकून उभ्या राहिलेल्या आत्याची. तिला ती कितपत पटली, कळलं नाही. चहा घेऊन, पेणच्या डॉक्टरांचा पत्ता समजून घेऊन ती गेली.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. पेणला जाऊन आल्या होत्या. डॉक्टरांनी व्हिडिओ पाहिला, गोळी सुरू केली, मेंदूचा एक आलेख काढायला सांगितला. "तुमाला पण धाडते," म्हणाली. मी कॉलेजजवळच्या स्टँडवर, एसटीची वाट बघत उभी राहून तो उघडला. दिराला मुलीपाशी बसवून तिने स्वतःच मोबाइल धरला होता. मागे कोंबड्या, कुणाचं तरी रडणं, आणि तिचा आवाज, पुन्हा पुन्हा तेच बोलणारा, "हाय मी, बाय, हाय मी, बघतेय मी." चित्र सारखं हलत होतं. पण मुलगी पहिल्यापासून शेवटपर्यंत पडद्याच्या मधोमध होती.